डावीकडचा माणूस

खुर्चीतल्या माणसाने मान डावीकडे वळवली, हनुवटी जराशी खाली घेतली, फोटोला बसल्यासारखी, आणि चष्मेवाल्याच्या हातातलं भिंग निसटून ट्रेमध्ये खणकन पडलं. तसं बघायला गेलं तर काहीच झालं नव्हतं. तपासणीच्या त्या अंधाऱ्या खोलीत दिवसाला वीस-पंचवीस माणसं येऊन बसतात, माना वळवतात, डोळे बारीक करतात, आणि खालची ओळ वाचता आली नाही तर नापास होऊ अशा जिद्दीने अक्षरांशी झटतात. पण ही मान ओळखीची होती. चेहरा नव्हे. चेहरा सुटला होता, केस मागे हटले होते, मिशी आली होती आणि पिकलीही होती. बाहेर काउंटरवर बसणारी चष्मेवाल्याची बायको फॉर्म आत ठेवून गेली तेव्हा एवढंच म्हणाली होती, "हे गाडीच्या नोकरीसाठी आलेत. सही-शिक्का हवाय." फॉर्मवरचं नाव वाचायची चष्मेवाल्याला सवयच नव्हती, नावांशी त्याला काय करायचंय, त्याचं काम डोळ्यांशी. आता मात्र त्याने फॉर्म छोट्या दिव्याखाली धरला आणि नाव वाचलं. नवरदेव! अरे देवा, नवरदेव माझ्या खुर्चीत!

हे नाव त्यानेच ठेवलेलं. वीस वर्षं झाली असतील. शहराच्या टोकाला क्लबचं जुनं फुटबॉलचं मैदान होतं, लांबीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा, आणि कठड्याला रेलून दर शनिवारी तीच ती माणसं. त्या सीझनला हा नवा लेफ्ट बॅक आला, डावी बाजू राखायला. बॉल टाकायचा बरा, धावायचाही जीव तोडून, पण मधेच मान डावीकडे वळवून उभा राहायचा, अगदी ऐटीत, आणि त्याच क्षणी त्याच्या डाव्या खांद्यामागून समोरच्या संघाचा कडेने पळणारा विंगर निघून जायचा. पहिल्याच मॅचला गोल झाला तो असाच. "फोटो काढून घेतोय का रे, नवरदेवा?" असं चष्मेवाला ओरडला आणि सगळा कठडा खो खो हसला. ते हसू चष्मेवाल्याच्या अंगाला असं काही लागलं की विचारू नका. त्याच्या शेजारी उभा राहणारा शिंपी तर हसता हसता खाली बसला. आठवडाभर अंधाऱ्या खोलीत 'हनुवटी इथे टेका, शाबास, आता वर बघा' असं पिसासारख्या हलक्या आवाजात बोलणारा हा माणूस. घरात चहा गार झाला तरी तसाच पिणारा. त्याच्या तोंडून निघालेल्या एका वाक्यावर दोनशे माणसं हसली होती. तेव्हापासून त्याने नवरदेवाला सोडलं नाही. नऊ वर्षं.

"डॉक्टर, वाचू का पुढे?" खुर्चीतल्या माणसाने विचारलं. चष्मेवाला डॉक्टर नव्हता, पण सगळेच म्हणायचे, आणि तोही हल्ली नाही म्हणायचा नाही. "वाचा," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला नेहमीपेक्षाही खाली गेल्यासारखा वाटला. आपण मोठ्याने बोललो तर हा ओळखेल, ही भीती त्याच्या मनात त्याच क्षणी शिरली आणि मग गेलीच नाही. माणसाने उजव्या डोळ्याने शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचलं. उजवा डोळा असा स्वच्छ की चष्मेवाल्याला कौतुक वाटलं. मग त्याने उजव्या डोळ्यावर झाकण दिलं. माणसाने डाव्या डोळ्यानेही सगळं वाचलं, तितकंच घडाघडा, न अडखळता, एका लयीत. आणि इथेच गोम होती. वाचणारा माणूस खालच्या ओळीवर रेंगाळतो. पाठ म्हणणारा रेंगाळत नाही.

चष्मेवाल्याने बटण दाबलं. पडद्यावरची अक्षरं बदलली. सगळ्यात वरचं एकुलतं एक अक्षर, हातभर मोठं, आंधळ्यालाही वाटावं आपल्याला दिसतंय असं. माणूस गप्प. मग मान हळूहळू डावीकडे वळायला लागली, झाकणाच्या कडेने उजव्या डोळ्याला फट मिळते का ते शोधत, आणि चष्मेवाल्याला त्या अंधारात, पाच फुटांवरून, नऊ वर्षांच्या सगळ्या मॅचेस एकदम दिसल्या. तोरा नव्हता तो. ऐट नव्हती. डाव्या बाजूचं जग दिसत नाही म्हणून हा माणूस उजवा डोळा तिकडे नेत होता. एवढंच. लहान पोरं करतात तसं. आठवड्यातून एकदा तरी एखादी आई काउंटरवर म्हणते, 'टीव्ही बघताना मान वाकडी करतो हो, नाटकी झालाय नुसता,' आणि चष्मेवाला पोराकडे न बघताच सांगतो, 'ताई, नाटक नाही, डोळा बघू आधी.' त्याचा हा हातखंडा. बायका बाहेर जाऊन सांगतात, काय माणूस आहे, दारातून ओळखलं! आणि हाच दारातून ओळखणारा माणूस नऊ वर्षं, दर शनिवारी, वीस हातांवरून तीच मान बघत होता आणि ओरडत होता: आंधळ्या!

त्याच्या गुडघ्याशी एक खण होता. जाड भिंगांचा. भिंगांखाली वही. डाव्या पानावर आवडते खेळाडू, उजव्या पानावर नावडते, पाच-पाच, सीझन संपला की नवी यादी. आवडत्यांच्या पानावर नुसती खाडाखोड. दोन वर्षं पहिला होता तो मधल्या फळीतला 'सुई', दहा पायांच्या गर्दीतून बॉल ओवून काढायचा; चष्मेवाल्याचा जीव की प्राण; मग तो मोठ्या क्लबात गेला आणि चष्मेवाल्याने त्याच्यावर काट मारली. एकदा बसस्टॉपवर सही मागायला गेला होता तर 'सुई' त्याच्याकडे न बघता फोनवर बोलत राहिला. त्याच्यानंतर गोलकीपर, खांबांशी गप्पा मारणारा, त्याला सगळे 'काका' म्हणायचे. मग आणखी कुणी. आवडत्यांबद्दल लिहायला चष्मेवाल्याला काही सुचायचंच नाही. 'वा.' 'क्या बात है.' बस. पण उजव्या पानावर पहिलं नाव नऊ वर्षं एकच, आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात ओळीच्या ओळी: चौदाव्या मिनिटाला मान डावीकडे. विंगर बाहेरून गेला की हमखास चुकतो, आतून आला की नाही. डोक्याने बॉल मारताना अंदाज चुकतो. ऊन नसतानाही मान तिरकी. नऊ वर्षांचा केसपेपर त्याने स्वतःच्या हाताने लिहिला होता, आणि वर रोगाचं नाव तेवढं घालायचं राहिलं होतं. राग आला की दिसत नाही असं लोक म्हणतात, पण त्याला तर सगळं दिसलं होतं. दिसून काय उपयोग? त्याला ते तसं हवंच होतं. हा माणूस नसता तर शनिवारी ओरडायचं कुणावर?

"सापडलो," माणूस म्हणाला आणि हसला. झाकण काढून त्याने मांडीवर ठेवलं. "कुणी अक्षरं बदलली नव्हती हो आजवर."

"जन्मापासून?"

"असावा. घरी कुणाला कळलं नाही. मला तरी कुठे कळलं होतं? मला वाटायचं सगळ्यांना एकाच बाजूने दिसतं." तो पुन्हा हसला. "फुटबॉल खेळायचो मी. क्लबात. तुम्ही बघत नसाल. तिथे तपासणीला भिंतीवर एकच कागद होता. आम्ही रांगेत उभे. पुढची सहा-सात जणं वाचेपर्यंत ऐकून ऐकून आपलं पाठ."

"आणि खेळलात कसे?" हे विचारायला नको होतं. पण जीभ थांबेना. शिवाय तो धंद्याचा प्रश्नही होता. कुठल्याही तपासणाऱ्याने विचारला असता.

माणूस खुर्चीत सैल झाला. अंधारात माणसं बोलतात, चष्मेवाल्याचा अनुभव होता. अनोळखी हात डोळ्यांच्या इतक्या जवळ आला की कुणाकुणाला घरातलंही सांगावंसं वाटतं. "मान वळवायचो. आणि कानाने खेळायचो," माणूस म्हणाला. "पण एक गंमत सांगू का तुम्हाला? कठड्यावर एक माणूस होता. चेहरा काही मी बघितला नाही, माझ्या डावीकडेच उभा असायचा ना तो. आवाज मात्र असा, की बस्स. विंगर माझ्या बाहेरून निघाला रे निघाला की हा ओरडणार, 'आला, आला बघ!' शिव्याही द्यायचा, नाही असं नाही. नवरदेव म्हणायचा मला. माझ्या बायकोला फार आवडायचं ते नाव. पण 'आला बघ' म्हटलं की मला कळायचं, डावीकडे माणूस आहे. मी पाय टाकायचो. कितीदा वाचलो त्याच्यामुळे. आणि ऐका तर, मध्यंतरानंतर बाजू बदलायची, मी पलीकडच्या कठड्याशी जायचो, तर हा आवाज तिकडेही! म्हणजे हा बाबा माझ्यासाठी अख्ख्या मैदानाला वळसा घालून यायचा. कोण करतं हो इतकं?"

चष्मेवाल्याने ट्रेमधलं भिंग उचललं, पुसलं, पुन्हा ठेवलं. मध्यंतरात शिंपी आणि बाकीचे चहाच्या टपरीकडे पळायचे तेव्हा तो खरंच एकटाच कडेकडेने चालत पलीकडे जायचा. चिखल असला तरी जायचा. एकदा पाय मुरगळलेला असताना लंगडत गेला होता. 'बायकोमागे इतका फिरला असतास तर घरात तुझा पुतळा उभारला असता,' शिंपी म्हणायचा. द्वेषाने गेला होता तो, दुसरं काही नाही, अगदी शंभर टक्के निखळ द्वेषाने. आणि हा माणूस त्या द्वेषाला धरून नऊ वर्षं चालला होता.

"मग सोडलंत का?" त्याने विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं. तरी विचारलं. दुखऱ्या दातावर जीभ जाते तशी.

"सोडलं कुठे, काढलं. शेवटची मॅच होती सीझनची. बरोबरी झाली असती तरी आम्ही वरच्या गटात राहिलो असतो. आणि त्या दिवशी तो माणूस आलाच नाही." माणसाने मांडीवरचं झाकण उलटं केलं. "तो नाहीच, पण सगळा कठडाच चिडीचूप. म्हटलं, झालंय काय आज? शेवटची दहा मिनिटं होती. बॉल वरून आला, मला वाटलं डावीकडे कुणी नाही, आवाज नाही म्हणजे कुणी नाही. मी सोडला. तर होता एक जण. गोल." त्याने हात झटकला. "क्लब खालच्या गटात, मी घरी. चुकी माझीच. पण मला बरेच दिवस त्या माणसाचंच वाटत राहिलं. नऊ वर्षांत एकदा न चुकलेला माणूस. म्हटलं, आजारी तर नसेल? काही बरंवाईट तर झालं नसेल? विचारणार कुणाला, नाव ना गाव."

ती कल्पना चष्मेवाल्याची होती. त्याचीच, दुसऱ्या कुणाची नाही. त्या आठवड्यात त्याने शिंप्याच्या दुकानात कपड्यांच्या ढिगावर बसून सांगितलं होतं: ओरडून हा सुधारत नाही, उलट फुगतो. आता वाळीत टाकायचं. बॉल याच्याकडे आला की एक शब्द बोलायचा नाही, पाठ फिरवायची. शिंपी म्हणाला होता, "तुला जमेल का गप्प बसायला?" मॅचच्या आधी तो कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसामाणसाला गाठून सांगत गेला, आणि लोकांनी ऐकलं. हलक्या आवाजाच्या माणसाचं दोनशे जणांनी ऐकलं! त्याच्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा दिवस होता म्हणा ना. शेवटच्या दहा मिनिटांत बॉल वर उडाला, सगळ्यांनी पाठी फिरवल्या, त्यानेही फिरवली, पण खांद्यावरून चोरून बघितलं. नवरदेव मान वळवून कठड्याकडे बघत होता. बॉलकडे नाही, कठड्याकडे. भिवया वर, तोंड किंचित उघडं. घरातलं माणूस हाकेला ओ देत नाही तेव्हा आपण दारात उभं राहून बघतो ना, तसं. चष्मेवाल्याच्या घशात 'आला बघ' अगदी वर आलं होतं. सवयीनेच आलं होतं. ते त्याने गिळलं. नंतर कित्येक वर्षं तो शिंप्याच्या दुकानात तो चेहरा करून दाखवायचा, भिवया वर, तोंड उघडं, आणि गिऱ्हाइकं हसायची. 'अपमान कसा झोंबला बघा नवरदेवाला!' वहीत त्या रात्री त्याने लिहिलं: गेला एकदाचा.

"डॉक्टर," माणूस आता पुढे वाकला होता, आवाज उतरला होता. "बेकरीची गाडी आहे. सकाळी पाव पोचवायचे, चार रस्ते, ओळखीचे. उजवा तर बघितलाच तुम्ही कसा आहे. डाव्याचा एक आकडा तर घालायचाय. दोन वर्षं घरी बसून काढलीत हो. पोरीसमोर बसवत नाही."

चष्मेवाल्याने फॉर्म पुढे ओढला. घाल आकडा, त्याचं मन म्हणालं, घाल. नऊ वर्षं घेतलीस त्याची, एक आकडा दे. आणि त्याच मनात सकाळचे चार रस्ते आले, शाळेला निघालेली पोरं, डावीकडून धावत येणारं एखादं, आणि तिथे कठडा नाही, कठड्यावर ओरडायला कुणी नाही. पेन कागदावर टेकला आणि शाई पसरून ठिपका झाला. आपण हे लोकांच्या जिवासाठी नाकारतोय की अजूनही तीच जुनी खुमखुमी आहे, नवरदेवाला बाहेर काढायची? त्याला खरंच कळेना. इतक्या वर्षांच्या वाईटपणानंतर माणूस बरोबर वागला तरी ते वाईटासारखंच दिसतं, स्वतःला सुद्धा. त्याने लिहिलं: उजवा, उत्तम. डावा, हातभर अंतरावरून बोटं मोजण्यापुरता. सही केली. शिक्का मारला. शिक्का तिरका बसला.

"नाही जमणार मला," तो म्हणाला. "माफ करा." हा शब्द त्याने इतका हळू म्हटला की तो फॉर्मसाठी होता की आणखी कशासाठी, ते कुणाला कळलं नसतं. हीच तर त्याची चलाखी. माफी मागितलीही आणि मागितली नाहीही.

माणसाने फॉर्म वाचला, घडी केली, खिशात घातली. चेहरा पडला, पण तक्रार नाही. "तुमचं बरोबर आहे," तो म्हणाला. "भट्टीवर काम असलं तर बघतो. तिथे काय, समोरच बघायचं असतं." दारात त्याने वळून नमस्कार केला आणि जाता जाता डाव्या खांद्याने फ्रेम्सच्या स्टँडला धक्का दिला, चार फ्रेम खाली पडल्या. त्या त्याने स्वतः वाकून उचलल्या, पुसल्या, एकेक करून जागच्या जागी अडकवल्या. बायको म्हणाली, "राहू द्या हो." चष्मेवाला खोलीच्या दारात उभा राहून बघत होता. सांग, आत्ता सांग. नाहीतर हा जाईल, आणि जन्मभर आपण त्याच्यासाठी आजारी पडलेला भला माणूस राहू. किती सोयीचं! किती घाण! पण तो चौकटीतच राहिला. माणूस काचेचं दार ढकलून बाहेर पडला, पायऱ्या उतरला.

बाहेर अकराचं ऊन होतं. एकेरी रस्त्यावर डावीकडून नेहमीची वाहनं येत होती, हॉर्न, ट्रक, सगळं. माणसाने फुटपाथच्या कडेला थांबून मान डावीकडे वळवली, एक ट्रक जाऊ दिला, कान लावल्यासारखा क्षणभर उभा राहिला. मग मान सरळ करून उतरला. आणि त्या ट्रकच्या मागून, कडेकडेने, बॅटरीवर चालणारी एक स्कूटर येत होती. भरधाव सुटलेली आणि आवाज म्हणून काही नाही. चष्मेवाला दारापर्यंत कधी पोचला ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

"आला! आला बघ!"

तो आवाज दुकानाच्या काचेला लागून परत आला. बायको काउंटरमागे ताडकन उभी राहिली; लग्नाला तेवीस वर्षं झाली होती आणि हा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. रस्त्यातल्या माणसाने मागे-पुढे न बघता पाय टाकला, जसा तेव्हा टाकायचा तसा, एकच पाय, मागे. स्कूटर त्याच्या पोटासमोरून सर्रकन गेली. चालवणारा काहीतरी बडबडला. माणूस फुटपाथवर परत आला आणि पाठमोरा तसाच उभा राहिला. मग मान डावीकडे वळली, हनुवटी खाली, खूप वेळ लावून, पार दुकानाच्या दारापर्यंत.

"तुम्ही होय!" तो म्हणाला. त्याचा सगळा चेहरा उजळला होता. तोच एक आनंद चष्मेवाल्याला सोसवेना. "अहो, तुम्ही! आणि मघापासून काहीच बोलला नाहीत!" मग त्याला काहीतरी आठवलं, आणि तो काळजीने म्हणाला, "त्या दिवशी बरं नव्हतं का तुम्हाला?"

हो म्हणायचं होतं फक्त. त्या माणसानेच स्वतःच्या हाताने आणून दिलेलं खोटं होतं ते, तयार, घडी घातलेलं. ताप होता. पोटात दुखत होतं. एक शब्द, आणि दोघंही सुटले असते.

"बरा होतो," चष्मेवाला म्हणाला. पण तो त्या अंधाऱ्या खोलीतला आवाज होता, आणि रस्त्यावर मोटारी होत्या. माणसाने कानामागे हात धरला. "काय?"

चष्मेवाल्याने दाराची चौकट घट्ट धरली. "बरा होतो!" तो ओरडला. रस्त्यावरची दोन-चार माणसं थांबली. "तिथेच होतो! कठड्यावरच होतो! मीच सांगितलं होतं सगळ्यांना गप्प बसायला!"

माणसाचा कानामागचा हात खाली आला. भिवया वर गेल्या होत्या, तोंड किंचित उघडं राहिलं होतं. तोच चेहरा. शिंप्याच्या दुकानात लोकांना हसवायला शंभरदा करून दाखवलेला. मान वळवलेली ठेवून तो एकाच डोळ्याने बघत राहिला, आणि चष्मेवाला दारात उभा राहिला. पाठ फिरवावीशी त्याला फार वाटली, पण त्याने ती फिरवली नाही.